गोंदियाची छोटी लाईन व तिची प्रतिकृति : एक साधनविचार

इतिहासाचीं साधनें मोजावयास बसलें म्हणजे शिलालेख, ताम्रपट, नाणीं, सनदा, पत्रें, बखरी, नकाशे हीं नांवें क्रमानें तोंडांत येतात. या यादींत खेळण्याचा समावेश कोणी करीत नाहीं. व तो करावा असें कोणी म्हटल्यास जाणती मंडळी हंसतील, हेंही आम्ही ओळखून आहों. तथापि प्रस्तुत लेखांत आम्ही तशाच एका वस्तूचा कैवार घेणार आहों. ती वस्तु म्हणजे आगगाडीची लहान प्रमाणांत, मोजमापानें केलेली प्रतिकृति होय.

या विषयास निमित्त झाली ती आमच्या गोंदियाची 'छोटी लाईन'. शंभर वर्षें या गांवाच्या अंगणांत धांवलेली ही अडीच फुटी रेल्वे आतां उखडली गेली आहे. तिच्या बारीकसारीक गोष्टी ज्यांच्या हाताखालून गेल्या अशीं माणसें दिवसेंदिवस कमी होत आहेत. त्यांचें ज्ञान कागदावर उतरून घेण्यास प्रतिकृति हें उत्तम निमित्त आहे, व ती नीट केल्यास स्वतःच एक साधन ठरते, असें आमचें म्हणणें आहे. मात्र ती नीट न केल्यास बनावट सनदेइतकीच घातक होते, हेंही आम्ही आमच्याच चुकीवरून शिकलों. ती चूक पुढें यथास्थळीं सांगूं.

(१) प्रतिकृतीची परंपरा

प्रतिकृति करण्याची हौस आम्हांस युरोपांतून आली असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. पाणिनीनें अष्टाध्यायीच्या पांचव्या अध्यायांत प्रतिकृतीच्या अर्थीं 'क' प्रत्यय सांगितला आहे. अश्व म्हणजे घोडा, आणि घोड्यासारखी केलेली मूर्ति तो अश्वक. मूळ वस्तु व तिची प्रतिकृति यांमधील नातें आणि अंतर हीं दोन्ही त्या एका अक्षरांत आलीं. व्याकरणकारास ज्यासाठीं स्वतंत्र नियम करावा लागला, ती वस्तु त्या काळीं घरोघर असली पाहिजे.

शूद्रकाच्या मृच्छकटिकाचें तर नांवच मातीच्या गाड्यावरून पडलें आहे. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाड्यासाठीं रडतो. तेव्हां वसंतसेना आपले अलंकार त्याच्या मातीच्या गाड्यांत घालते. पुढें तेच अलंकार न्यायसभेंत विदूषकाच्या अंगावरून खालीं पडतात, व चारुदत्ताविरुद्ध पुरावा म्हणून उभे राहतात. खेळण्यांतून निघालेली वस्तु साक्ष देते, ती साक्ष नीट तपासली जात नाहीं, आणि निर्दोष मनुष्य वधस्थानाकडे नेला जातो. प्रतिकृतीस साधन मानणारानें हा प्रसंग नेहमीं ध्यानांत ठेवावा.

आपल्याच महाराष्ट्रांत, नगर जिल्ह्यांतील दायमाबाद येथें १९७४ सालीं धातूच्या चार भारी प्रतिमा सांपडल्या. त्यांपैकीं एक बैलांचा रथ आहे. रथाची लांबी सुमारें ४५ सेंटिमीटर असून त्यास दोन बैल जोडलेले व वर हांकणारा पुरुष उभा आहे. या प्रतिमा उत्तर-हडप्पा काळांतील असाव्या असें अनेक संशोधक मानतात; कालनिर्णयाविषयीं मतभेदही आहेत. परंतु काळ कोणताही धरला तरी एक गोष्ट निर्विवाद आहे. त्या काळचे लांकडी रथ कुजून मातीस मिळाले. त्यांचें जूं कसें होतें, दांडी किती लांब होती, हांकणारा कोठें उभा राही, हें सांगावयास ती हातभर प्रतिकृतिच उरली आहे. मूळ गेलें, प्रतिकृति राहिली. आमच्या सर्व म्हणण्याचा पाया हाच आहे.

आमच्या विदर्भांत तर हें सांगावयास पुस्तकाचीही गरज नाहीं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं तान्हा पोळा होतो. मुलें चाकें लावलेले लांकडी नंदीबैल सजवून घरोघर नेतात व बोजारा मिळवितात. जुन्या घरांतून पिढ्यान् पिढ्या जपलेले असे नंदी आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या वशिंडाची ठेवण व शिंगांचा बाक पाहून कारागिराच्या डोळ्यांपुढें कोणता बैल होता याचा अंदाज करतां येतो.

(२) आधुनिक छंदाचा उगम

आगगाडीच्या प्रतिकृतीचा छंद मात्र आगगाडीबरोबरच जन्मास आला. जर्मनींतील ग्योपिंगेन येथील मार्क्लिन या कारखान्यानें १८९१ सालीं लायप्झिगच्या जत्रेंत किल्लीवर चालणारी गाडी व तिचे जोडतां येणारे रूळ मांडले, आणि रुळांच्या रुंदीस क्रमांक दिले. यापूर्वीं खेळण्यांतील गाड्या नव्हत्या असें नाहीं; परंतु एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळावर चालावी अशी व्यवस्था येथून लागली. इंग्लंडांत बॅसेट-लोक यांचा व्यवसाय १८९९ सालीं सुरू झाला, लंडनांत या छंदाची मंडळी १९१० सालीं स्थापन झाली, व हॉर्नबी यांच्या गाड्या १९२० सालीं बाजारांत आल्या. १९३५ च्या सुमारास टेबलावर मावेल असें लहान माप रूढ झालें, आणि हा छंद श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतून मध्यम स्थितीच्या घरांत उतरला.

येथें एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. ज्या १८९१ सालीं लायप्झिगास तें खेळणें मांडलें गेलें, त्याच सालीं नागपुराहून गोंदिया, बिलासपूर मार्गें आसनसोलपर्यंतचा बंगाल-नागपूर रेल्वेचा मोठा रस्ता पुरा झाला. दोन घटनांचा एकमेकींशीं कार्यकारणसंबंध नाहीं. तरी खरी गाडी आणि खेळण्यांतील गाडी या समवयस्क आहेत, एवढें त्यावरून दिसतें.

महाराष्ट्रांत हा छंद लोकांपुढें आणण्याचें श्रेय पुण्याच्या भाऊ जोशी यांस दिलें पाहिजे. कोथरूड भागांतील त्यांचें लघुरेल्वेचें संग्रहालय १९९८ सालीं लोकांस खुलें झालें. तेथें एका नगराच्या प्रतिकृतींत सिग्नल, पूल व गाड्या चालतांना दिसतात, व मुलांइतकेच वडील माणसांचे डोळेही तेथें खिळून राहतात. रेल्वेचे अधिकारी स्वतःही प्रतिकृतीस तुच्छ मानीत नाहींत. सांधे कसे बदलावे, एका स्टेशनानें दुसऱ्यास गाडी कशी द्यावी, हें नव्या नोकरांस शिकवितांना रेल्वेच्या प्रशिक्षणशाळांतून लहान रूळ व लहान सिग्नल वापरण्याची चाल आहे. जेथें चूक झाल्यास माणसें मरतात, तेथें आधीं लहान गाडीवर चूक करून घ्यावी, हा त्यांतील हेतु होय.

(३) मूळ वस्तु : गोंदियाच्या दोन लाईनी

प्रतिकृतीचा विचार करण्यापूर्वीं मूळ वस्तूचा इतिहास थोडक्यांत देणें अवश्य आहे. नागपूर-छत्तीसगड रेल्वे ही या प्रदेशांतील पहिली. ती मीटर मापाची असून १८८२ सालापर्यंत राजनांदगांवास पोंचली. १८८७ सालीं बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिनें ही लाईन आपल्याकडे घेतली व पुढच्या वर्षीं ती साडेपांच फुटी मोठ्या मापाची केली. छत्तीसगडचें धान्य मुंबई व कलकत्ता या दोन्ही बाजूंस जाऊं लागलें तें या रस्त्यानें.

यानंतर १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांनीं मध्यप्रांत होरपळून निघाला. सातपुड्याच्या पठारावर धान्य पोंचविण्यास रस्ता नाहीं ही उणीव तेव्हां प्रकर्षानें जाणवली. डोंगराळ मुलखांत मोठी लाईन बांधणें खर्चाचें. म्हणून अडीच फूट रुंदीची छोटी लाईन पसंत करण्यांत आली. गोंदियाहून बालाघाट व नैनपूर मार्गें जबलपुरास जाणारा हा रस्ता १९०३ ते १९०५ या काळांत टप्प्याटप्प्यानें खुला झाला. १९०८ सालीं गोंदियाहून दक्षिणेस सौंदड, अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी या बाजूनें नागभीड व तेथून नागपूर अशी दुसरी छोटी लाईन झाली, व १९१३ सालीं नागभीडहून चांद्यापर्यंत फांटा गेला. त्या वेळीं गोंदिया हें भंडारा जिल्ह्यांतील गांव होतें. स्वतंत्र जिल्हा झाला तो १९९९ च्या मे महिन्यांत. गांवाचें गंज म्हणून जें महत्त्व वाढलें तें या सांध्यामुळें, हें वेगळें सांगावयास नको.

दोन मापांच्या लाईनी जेथें मिळतात तेथें एक विशेष प्रकारचें स्टेशन तयार होतें. छोट्या गाडीची वाघीण मोठ्या रुळावर जाऊं शकत नाहीं. म्हणून प्रत्येक गोणी, प्रत्येक ओंडका, तेंदूच्या पानांचा प्रत्येक गठ्ठा एका वाघिणींतून काढून दुसरींत घालावा लागे. हमालांच्या पाठीवरून जाणारा हा व्यवहार गोंदियाच्या यार्डाचा प्राण होता. गोंदियाचा इतिहास लिहावयाचा तर त्या दोन रुळांच्या मधली ती अरुंद जागा, जेथें ओझें एका पाठीवरून दुसऱ्या गाडींत जाई, तीच आधीं वर्णिली पाहिजे.

पुढें काळ बदलला. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत गोंदिया-नागभीड-चांदा ही लाईन मोठी झाली. चालू शतकाच्या पहिल्या दशकांत बालाघाटपर्यंतचा रस्ता मोठा झाला. २०१५ सालीं बालाघाट-नैनपूर-जबलपूर या मार्गावरील छोटी गाडी थांबली. आणि २०१९ सालीं नागपूर-नागभीड ही उरलेली शाखाही बंद पडली. आतां गोंदियाहून जबलपुरास मोठ्या रुळावरून सरळ जातां येतें. हें लोकांच्या सोयीचें आहे, व त्याबद्दल शोक करण्याचें कारण नाहीं. नागपुरास मोतीबाग येथें २००२ सालीं सुरू झालेल्या संग्रहालयांत छोट्या लाईनीचीं इंजिनें व डबे जपून ठेविले आहेत. परंतु इंजिन व डबा म्हणजे रेल्वे नव्हे. स्टेशनची मांडणी, पाण्याचा नळ, सांध्याची मूठ, माल बदलण्याचा फलाट, त्यावरील कौलांची पडवी, यांचा परस्परसंबंध संग्रहालयाच्या आवारांत आणतां येत नाहीं. तो दाखवितां येतो फक्त नकाशांत, अथवा प्रतिकृतींत.

(४) मापाचें गणित

प्रतिकृति खेळण्याहून वेगळी ठरते ती मापानें. सध्यां सर्वांत रूढ प्रमाण एकास ८७ असें आहे. म्हणजे ८७ मिलिमीटर लांबीची मूळ वस्तु येथें एक मिलिमीटर होते. मोठ्या लाईनीच्या रुळांतील अंतर ६६ इंच, अर्थात् १६७६ मिलिमीटर. छोटीचें ३० इंच, अर्थात् ७६२ मिलिमीटर. या दोहोंचें गुणोत्तर बरोबर अकरास पांच येतें. गोंदियाच्या यार्डाचें सर्व स्वरूप या अकरास पांचमध्यें सांठविलेलें आहे.

आतां ८७ नें भागिलें असतां मोठी लाईन १९.३ मिलिमीटर व छोटी ८.८ मिलिमीटर येते. बाजारांत तयार मिळणारे रूळ १६.५ व ९ मिलिमीटरचे असतात. पहिलें माप युरोप-अमेरिकेंतील ४ फूट ८॥ इंची रुळासाठीं ठरलेलें आहे. आपल्या साडेपांच फुटांसाठीं नव्हे. ९ मिलिमीटरचा रूळ छोट्या लाईनीस अगदीं जवळचा आहे. चूक शेंकडा तीनहून कमी. परंतु १६.५ चा रूळ मोठ्या लाईनीस घेतल्यास चूक शेंकडा चौदाची होते, व दोन्ही एकत्र मांडल्यास अकरास पांच हें प्रमाण मोडून अकरास सहा असें होतें. छोटी लाईन आहे त्याहून मोठी व मोठी लाईन आहे त्याहून लहान दिसूं लागते. ज्यास केवळ शोभा हवी त्याचें यांत कांहीं बिघडत नाहीं. ज्यास गोंदिया दाखवावयाचें आहे त्यानें मोठी लाईन हातानेंच बांधिली पाहिजे. स्लीपरांचेंही तसेंच. मोठ्या लाईनीचा लांकडी स्लीपर २७४० मिलिमीटर लांब व छोटीचा १५२० मिलिमीटर. प्रतिकृतींत ते अनुक्रमें ३१.५ व १७.५ मिलिमीटर होतात. बांबूच्या कामट्या तासून ते करितां येतात, व त्या कामास आमच्या जिल्ह्यांत साहित्याची वाण नाहीं.

लांबीचा प्रश्न याहून अवघड. गोंदिया ते बालाघाट सुमारें ४० किलोमीटर. हे ८७ नें भागले तरी ४६० मीटर उरतात. एवढी खोली कोणापाशीं आहे? म्हणून प्रतिकृतिकारास निवड करावी लागते : स्टेशन घ्यावें, बाघ नदीचा पूल घ्यावा, मधलें रान सोडावें. ही निवड इतिहासकारही करितोच. शंभर वर्षांचा वृत्तांत तोही शंभर पानांत बसवितो. दोष निवडीचा नाहीं. काय सोडलें हें न सांगणें हा दोष होय.

वेगाचें गणितही विसरतां कामा नये. ताशीं ३० किलोमीटर चालणारी छोटी गाडी या प्रमाणांत सेकंदास साडेनऊ सेंटिमीटर एवढीच सरकली पाहिजे. प्रदर्शनांतून सेकंदास एक मीटर धांवणारी प्रतिकृति आम्ही पाहिली आहे. तिचा खरा वेग ताशीं ३०० किलोमीटरांहून अधिक होतो. बालाघाटच्या गाडीनें असें धांवणें म्हणजे बखरकारानें पांचशें स्वारांचे पन्नास हजार करण्यासारखेंच आहे.

ज्या वस्तूचें माप कोठेंच मिळत नाहीं तेथें जुनें छायाचित्र व भास्कराचार्यांचें त्रैराशिक उपयोगीं पडतें. रुळांच्या समोरून घेतलेल्या चित्रांत रुळांतील अंतर १२ मिलिमीटर भरलें, व तेवढ्याच अंतरावर उभ्या डब्याचें दार ३० मिलिमीटर भरलें, तर ७६२ ला ३० नें गुणून १२ नें भागावें. दाराची उंची १९०५ मिलिमीटर निघते. लीलावती शिकविणारास हें नवीन नाहीं. मात्र दोन्ही वस्तु कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असल्या पाहिजेत. ती अट मोडली कीं उत्तर बिनचूक पण खोटें येतें.

(५) आमची चूक

आतां कबूल केल्याप्रमाणें चूक सांगतों. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें गोंदियाच्या यार्डाची प्रतिकृति करावयास घेतली. हातकाम त्याचें व साधनें जमविण्याचें काम आमचें, अशी वांटणी होती. आम्हीं त्यास एक जुनें छायाचित्र दिलें व त्यांतील वाघीण ही छोट्या लाईनीची आहे असें सांगितलें. चित्रांत छोट्या लाईनीचे रूळ पुढें स्पष्ट दिसत होते. वाघीण त्यांवरच उभी आहे असें आम्हीं गृहीत धरिलें. त्यानें आठ दिवस खपून तशा सहा वाघिणी केल्या. पितळी पत्रा कापला, खिळ्यांचीं डोकीं उठविलीं, गंजाचा रंग दिला, आणि चित्रांतल्याप्रमाणें प्रत्येकीच्या दोन्ही टोंकांस दोन-दोन बफर बसविले.

गाडी सरळ रुळावर उत्तम चाले. वळणावर इंजिनानें मागून ढकलली कीं तिसरी वाघीण घसरे. असें वीस वेळां झालें. आम्हीं वळणास दोष दिला. २५ सेंटिमीटर त्रिज्येचें वळण काढून ३० चें केलें, तरी तेंच. मग चाकांस दोष दिला, मग पायाच्या फळीस. आमच्या छायाचित्रास दोष द्यावा हें आमच्या मनांतही आलें नाहीं.

एके दिवशीं छोट्या लाईनीवर उभी हयात घालविलेले एक वृद्ध गृहस्थ सहज पाहावयास आले. त्यांनीं वाघीण तळहातावर घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि विचारलें, "गुरुजी, ही कोणत्या लाईनीची?" आम्हीं सांगितलें. ते म्हणाले, "नाहीं. आपल्या छोटीला मधोमध एकच बफर. दोन बाजूंचे दोन ते बड्या लाईनीचे. असे असते तर पहिल्याच वळणाला एकांत एक अडकले असते. तुमची गाडी तेंच तर सांगते आहे."

आम्हीं छायाचित्र पुन्हां पाहिलें. वाघीण छोट्या रुळांवर नव्हती; त्यांच्या पलीकडे, मोठ्या लाईनीवर उभी होती. पुढचे रूळ व मागची वाघीण यांची आम्हीं गांठ घातली होती. निरनिराळ्या दोन पत्रांचे तुकडे एकत्र चिकटवून एक पत्र करणाऱ्या संशोधकावर आम्हीं वर्गांत पुष्कळ टीका केली आहे; तेंच आमच्या हातून घडलें होतें.

बफरांचें कारण समजून घेण्याजोगें आहे. वळणावर दोन वाघिणी एकमेकींस कोन करून उभ्या राहतात. आंतल्या बाजूचे बफर जवळ येतात, बाहेरच्या बाजूचे दूर जातात. वळण फार तीव्र असल्यास ते एकमेकांवरून सरकून अडकतात व चाक रुळावरून उचललें जातें. डोंगरांतून वळणें घेत जाणाऱ्या छोट्या लाईनीस म्हणून मधोमध एकच बफर व त्यांतच जोडणी. तो मध्याभोंवतीं फिरतो व अडकत नाहीं. आमचें टेबलावरचें वळण खऱ्या लाईनीवरील कोणत्याही वळणाहून कितीतरी तीव्र होतें, हें येथें सांगितलेंच पाहिजे. म्हणून गाडी घसरली एवढ्यावरून कांहीं सिद्ध होत नाहीं. परंतु ती कां घसरली याचा शोध घेतला असतां सातपुड्याच्या घाटांतील तेंच कारण आमच्या टेबलावर सांपडलें. मधले बफर बसविल्यावर गाडी एकदांही घसरली नाहीं.

चित्र खोटें असलें तरी तें मुकाट्यानें भिंतीवर टांगलेलें राहतें. चालती प्रतिकृति खोटी असेल तर केव्हां ना केव्हां रुळावरून उतरते. हा गुण इतिहासाच्या दुसऱ्या कोणत्या साधनांत आहे, तें आम्हांस ठाऊक नाहीं.

(६) कांहीं नियम

या अनुभवावरून आम्हीं स्वतःपुरते कांहीं नियम केले आहेत. ते अभ्यासकांपुढें ठेवितों.

पहिला नियम असा कीं प्रत्येक प्रतिकृतीबरोबर एक वही असावी, व कोणती वस्तु कोणत्या आधारानें केली हें तींत लिहावें : प्रत्यक्ष मोजणी, छायाचित्र, नकाशा, कीं कोणाची आठवण. आठवण असल्यास सांगणारानें तेथें कोणतें काम केलें व किती वर्षें, हेंही लिहावें. स्टेशनमास्तरास तिकिटघर आठवतें, फायरमनास पाण्याचा नळ आठवतो, हमालास फलाटाची उंची आठवते. ज्याच्या अंगास जी वस्तु लागली तिची साक्ष त्याची घ्यावी.

दुसरा नियम अनुमानाविषयींचा आहे. ताम्रपटांतील झिजून गेलेलीं अक्षरें संपादक कंसांत देतो; तीं त्याचीं आहेत, मूळचीं नव्हेत, हें वाचकास कळावें म्हणून. प्रतिकृतींत कंस घालतां येत नाहीं. आम्ही असें करितों कीं जो भाग केवळ तर्कानें केला त्याच्या खालच्या बाजूस तांबडा ठिपका द्यावयाचा. वरून पाहणाराच्या आनंदास बाध येत नाहीं, व उलटून पाहणारास सत्य कळतें. आमच्या यार्डांत सध्यां असे एकेचाळीस ठिपके आहेत. मधल्या बफराची गोष्ट घडल्यापासून ते वाढलेच आहेत, कारण पूर्वीं निश्चित वाटलेल्या कित्येक गोष्टी फिरून तपासतां तर्काच्याच निघाल्या.

तिसरा नियम तपशिलाच्या मर्यादेचा. गंज, काजळी, फुटकीं कौलें, भिंतीवरचा ओलावा हें सर्व दाखविण्याचा मोह हौशी हातास फार होतो. तें दाखवावें, पण कोठला गंज, कोणत्या ऋतूंतील ओल, हें ठरवून दाखवावें. वर्ष ठरविल्याशिवाय तपशील भरूं नये. वाफेचें इंजिन व त्याच्या पाठीमागून आलेलें डिझेल इंजिन एकाच फलाटास उभें करावयाचें असेल तर दोन्ही एकत्र चालत असे तेंच वर्ष घ्यावें. एरवीं शिवकालीन पत्रांत पेशवाईंतील नाणें यावें तसा प्रकार होतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं हें वृद्धांनीं मुलांच्या खेळांत पडणें आहे. त्यास आमचें उत्तर दायमाबादच्या रथानें दिलें आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा : मोजलेले नकाशे केले असतां प्रतिकृतीचें प्रयोजन काय? नकाशा अवश्य करावा. तो प्रतिकृतीच्या आधीं होतोच. परंतु नकाशापुढें बसून ते वृद्ध गृहस्थ कांहींच बोलले नसते. त्यांस नकाशा वाचतां येत नाहीं. वाघीण हातांत घेतली तेव्हां चाळीस वर्षांचें ज्ञान त्यांच्या बोटांतून बाहेर आलें. त्या दिवसापासून ते आठवड्यास एकदां येतात. येतांना आपल्या वेळचा एखादा सोबती घेऊन येतात, आणि आमची वही भरत चालली आहे. मागच्या पावसाळ्यापासून त्या सोबत्यांपैकीं दोघे येईनासे झाले. त्यांपैकीं एकानें माल बदलण्याच्या फलाटाच्या पायऱ्या किती हें पुढच्या खेपेस नक्की सांगतों म्हणून सांगितलें होतें. त्या पायऱ्यांखालीं तांबडा ठिपका आहे.

वाचकांपैकीं कोणापाशीं गोंदिया, सौंदड, अर्जुनी अथवा बालाघाटच्या बाजूच्या छोट्या लाईनीचीं छायाचित्रें, स्टेशनांचे नकाशे वा जुन्या नोकरांच्या आठवणी असतील, त्यांनीं त्या लिहून ठेवाव्या, व शक्य तेथें माप घ्यावें, एवढीच विनंति आहे. कांहीं ठिकाणीं जुन्या इमारती व फलाटांचे अवशेष उभे आहेत. त्यांस फीत लावण्यास एक दुपार पुरते. आमच्या यार्डांतील एकेचाळीस ठिपक्यांपैकीं जितके पुसले जातील तितके हवेच आहेत.